अकरा मुऱ्या

चांगला कॅपॅसिटर किसनने काढून खिशात घातला आणि त्याच्या जागी मरायला टेकलेला बसवला. दोन्ही वायरी घट्ट केल्या, पत्रा लावला, चारी स्क्रू पिळले. मग युनिटच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चाल बाबा दुपारपर्यंत. मग तू हाये अन् तुझा साहेब हाये."

शुक्रवार होता. ऑगस्टमधली सकाळ, नुकतं कुठे उजाडलेलं, आणि दोह्याच्या अबू हमूर भागातल्या त्या कंपाउंडमधल्या चौदा नंबर व्हिलाच्या गच्चीवर एवढ्यातच शर्ट पाठीला चिकटला होता. किसन भांगरेला त्याचं काही नव्हतं. तेवीस वर्षं तो कतारमध्ये एसी दुरुस्त करत होता. कुठलं युनिट कधी दगा देणार हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. म्हणून तर त्याला हेही ठाऊक होतं की हा कमजोर कॅपॅसिटर सकाळी कॉम्प्रेसरला उठवेल, दहापर्यंत उठवेल, अकरापर्यंत कण्हत उठवेल. पण ऊन डोक्यावर आलं आणि कॉम्प्रेसर एकदा का थांबला, की पुन्हा उठायचा नाही. नुसता घुमेल आणि बंद पडेल. कुणी कितीही तपासलं तरी म्हणणार, पार्ट जुना झाला होता, गेला. कुणाच्या बापाला संशय यायचा नाही.

बिघडलेलं चालू करायचं हा त्याचा धंदा. चालू असलेलं बिघडवताना आपले हात कापतील असं त्याला वाटलं होतं. कुठले कापतात! उलट अकरा दिवसांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं.

वरच्या मजल्याचं युनिट वेगळं होतं. त्याला त्याने हात लावला नाही. घरात साहेबांची म्हातारी आई होती, शाळकरी मुलगी होती. त्यांच्याशी त्याचं भांडण नव्हतं. त्या वर जाऊन बसतील गारव्यात. भांडण होतं ते मयूर साहेबाशी, आणि आज दुपारी एक वाजता कंपनीचे जनरल मॅनेजर बायकामुलांसकट मयूर साहेबाच्या खालच्या हॉलमध्ये जेवायला येणार होते. मयूर साहेबाचं प्रमोशन त्या जेवणावर अडलं होतं, हे कंपाउंडमधल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं.

आता एवढं काय घोडं मारलं होतं या मयूर साहेबाने? ऐकाच.

किसनचं गाव अकोले तालुक्यात, डोंगराच्या पार कुशीत. गावाखालून एक ओहोळ वाहायचा. पाणी एवढं गार, की भर चैत्रात पाय घातला तरी नडगीपर्यंत कळ जायची. त्या पाण्यात दगडांच्या आडोशाला मुऱ्या राहायच्या. मुरी म्हणजे बोटाएवढा मासा. तपकिरी अंग, त्यावर काळसर पट्टे, तोंडाला बारीक मिशा. खायला मूठभरही होत नाही, दिसायलाही काही फार मोठा तोरा नाही. पण वाहत्या पाण्यात दगडाला धरून ती अशी बसते, की पाणी थकेल पण ती हलायची नाही. किसनचं सगळं पोरपण त्या ओहोळात गेलं होतं.

मग ओहोळाच्या डोक्यावर खडीक्रशर आला. दोन वर्षांत पाण्याचा चिखल झाला आणि चिखलाची भुकटी झाली. तीन वर्षांपूर्वी किसन सुट्टीवर गेला तेव्हा वरच्या अंगाच्या एका डबक्यात चार मुऱ्या धापा टाकत होत्या. त्याने सगळा ओहोळ पालथा घातला. पाचवी सापडली नाही. बायको वारलेली, पोरगा पुण्यात कामाला, घराला कुलूप. त्या चौघींना कुणाच्या भरवशावर ठेवणार? पाण्याच्या थर्मासात घालून त्याने त्या दोह्याला आणल्या. कशा आणल्या ते विचारू नका. कायद्यात बसणारं नव्हतंच ते, आणि तोवर किसनने केलेला तेवढाच एक गुन्हा होता.

कंपाउंडच्या पंपरूमला लागून त्याची खोली होती. एका जर्मन भाडेकरूने जाताना टाकून दिलेली काचेची टाकी त्याने उचलून आणली. भंगारातल्या पाण्याच्या कूलरचा कॉम्प्रेसर काढून तिला जोडला. पंप असा लावला की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाणी सारखं वाहत राहावं. बाहेर पन्नास डिग्री असो, टाकीत बावीस म्हणजे बावीस. पाणी बदलायचं तर तेही डोकं लढवून. कतारमध्ये उन्हाळ्यात थंडचा नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीतलं चहा करण्याजोगं पाणी येतं. म्हणून इथली माणसं गिझर बंद ठेवतात आणि गरमचा नळ सोडून गार पाण्याने अंघोळ करतात. नवा माणूस हमखास पोळतो. किसन गिझरमधलं पाणी बादलीत काढायचा, दिवसभर एसीत ठेवायचा आणि मगच टाकीत घालायचा. दुसऱ्या वर्षी दगडाखालून सुतासारखी पिल्लं निघाली. तो दिवस किसनने रव्याचा शिरा करून साजरा केला. पिल्लांतली बरीच गेली, सात जगली. चार आणि सात, अकरा. त्या ओहोळातल्या, जगात उरलेल्या सगळ्या मुऱ्या पंपरूमशेजारच्या त्या खोलीत होत्या.

आणि एक दिवस मयूर साहेब इन्स्पेक्शनला आला. कंपाउंडचा फॅसिलिटी मॅनेजर. पुण्याचा, वय अडतीस, सेंट एवढा मारायचा की माणसाआधी वास दारातून आत यायचा.

"अरे किसन, हे काय? कंपनीच्या रूममध्ये पेट्स अलाउड नाहीत, माहितीये ना?"

"साहेब, मासे हायेत. आवाज न्हाई, घाण न्हाई."

"पॉलिसी इज पॉलिसी. पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे, कुणी पाहिलं तर मान माझी अडकेल." मयूर साहेबाने वाकून काचेला नाक लावलं. "पण छान आहेत रे. कुठले?"

किसनने सांगितलं. साहेब विचारतोय म्हणून खुळ्यासारखं सगळंच सांगितलं. ओहोळ, क्रशर, चारच्या अकरा.

"असं कर, माझ्याकडे आणून ठेव. माझ्याकडे सेटअप आहे. ऑडिट झालं की घेऊन जा. टेन्शन घेऊ नको. यल्ला, चल."

किसनने बादलीत टाकीतलंच पाणी घेतलं, तळाशी ओहोळातला एक दगड ठेवला, म्हणजे परक्या घरी बिचकणार नाहीत. अकराच्या अकरा मोजून आत सोडल्या. हवेचं मशीन लावलं. मुलीला सासरी पाठवताना सांगतात तसं पुन्हा पुन्हा सांगितलं: गार पाहिजे, मोठ्या माशांत सोडायच्या नाहीत, खायला चिमूटभरच. साहेब मोबाइलमध्ये बघत "हो हो" म्हणत होता. ऐकलं ते त्याच्या आईने.

या रत्नप्रभाबाई. जूनमध्ये पुण्याहून लेकाकडे आल्या होत्या. गुडघ्यांनी बेजार, दिवसभर घरात कोंडलेल्या. त्यांनी बादलीत डोकावून बघितलं आणि एकदम टाळीच वाजवली.

"अगं बाई, मुऱ्याच की ह्या! आमच्या माहेरी, पेठकडे, ओढ्याला किती असायच्या! परकराच्या ओच्यात धरायचो आम्ही. तू कुठला रे बाबा?"

"अकोल्याकडचा, मावशी."

"मग आपलं पाणी एकाच डोंगराचं," बाई म्हणाल्या. किसनला त्या घरात तेवढंच एक माणूस वाटलं.

तिसऱ्या दिवशी जेवता जेवता त्याने मोबाइल उघडला. मराठी मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. गणपतीत लाइटिंगला लागतो म्हणून किसनही त्या ग्रुपवर होता. मयूर साहेबाच्या हॉलमधली मोठी टाकी, तिच्यात तळहाताएवढे दोन ऑस्कर मासे, आणि वरून ओतली जाणारी किसनची बादली. मागून साहेबाचा आवाज: "बघा मंडळी, लाइव्ह फूड! इंडियन नाला स्पेशल!" मुऱ्या काचेला धरून दगड शोधत होत्या. त्या टाकीत दगड नव्हता, नुसते रंगीत खडे होते. पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती.

किसनने घास ताटात टाकला. तो तसाच, उष्ट्या हाताने, चौदा नंबरला गेला.

"साहेब, माझे मासे?"

"अरे हो, सॉरी यार. दोन दिवसांत मरायलाच टेकले होते ते. म्हटलं वाया कशाला घालवा. तुला मॉलमधून गोल्डफिश आणून देतो ना. आणि किसन, एवढं काय रे? नाल्यातले मासे ते!"

दार लागलं. किसन पायरीवर उभा राहिला. त्याला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या पोटात जे पेटलं ते तिथेच बसलं, मग अकरा दिवस तो जेवला त्याच आगीवर आणि झोपला त्याच आगीवर. या माणसाची जिरवायची. एवढं एकच त्याच्या डोक्यात घुमत होतं. त्याच्या टाकीत ब्लीच ओतावं, असं पहिल्यांदा मनात आलं. पण त्या ऑस्करांचा काय गुन्हा? पुढ्यात पडलं ते खाल्लं. मासा माशाला खाणारच. माणसाने ते हसत दाखवायचं नसतं.

चौदा नंबरच्या दाराकडे तो पुन्हा फिरकला नाही. तिथलं काम निघालं की मुदस्सिरला पाठवायचा. मुदस्सिर त्याचा जोडीदार, हैदराबादचा, भला माणूस.

"किसन भाई, चौदह की अम्माजी तुमको पूछ रही थीं," तो दोनदा सांगत आला. "बोलीं, किसन को ही भेजो, कुछ काम है."

"बोल, टाइम नहीं है."

"बहुत बोल रही थीं, भाई."

"खलास, बोला ना! नहीं जाना मेरे को उस घर में."

मग बुधवारी जेवणाची बातमी आली आणि किसनला वाट सापडली. नुसता एसी बंद पाडून काय होणार? साहेब बोलावणार, आपण पाच मिनिटांत चालू करून देणार आणि वर त्याचं "थँक्यू यार" ऐकणार. पण पंपरूमच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता, आणि तो वाचताना किसन चक्क एकटाच हसला. एक जून ते पंधरा सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन, उघड्यावर काम बंद. सरकारचा नियम. उन्हाने माणसं मरतात म्हणून केलेला. खाली सही, फॅसिलिटी मॅनेजर. त्या कागदावर मयूर साहेबाने सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या आणि वर दम भरला होता, "एकजण जरी उन्हात गच्चीवर दिसला तर घरी पाठवीन."

बरं साहेब, नाही दिसणार.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. किसन खोलीत पलंगावर आडवा होता, समोर रिकामी टाकी होती. त्याने चार वेळा वाजू दिला, मग उचलला.

"किसन, खालचा एसी कूल करत नाहीये. लगेच ये."

"साहेब, आवाज कसला येतोय?"

"घुं करतो आणि बंद होतो. अरे, गेस्ट पोचतील आत्ता! ये ना लवकर!"

"मंजी कॉम्प्रेसर. वर जावं लागंल, साहेब, गच्चीवर."

"मग जा ना!"

"साडेतीनपर्यंत न्हाई जाता येत, साहेब. दहा ते साडेतीन बंदी हाये. तुमचीच सही हाये नोटिशीवर."

"किसन, दोन मिनिटांचं काम असेल रे. मी सांगतोय ना. मी बघून घेईन."

"न्हाई साहेब. पॉलिसी इज पॉलिसी."

अहाहा! हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा किसनला असं वाटलं की ओहोळात पाय घातलाय. त्याने फोन छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. मुदस्सिर जुम्म्याच्या नमाजला गेला होता, दुसरा कुणी मेकॅनिक शुक्रवारी मिळायचा नाही. पाच मिनिटांनी पुन्हा साहेब. "किसन, प्लीज यार, जीएम आलेत." मग पुन्हा. मग साहेबाची बायको अनुजा मॅडम, रडवेल्या आवाजात: "किसन भाऊ, काहीतरी करा ना. मोठ्या साहेबांच्या मिसेसना गरगरतंय."

"वरच्या मजल्यावर बसवा त्यास्नी, मॅडम. वरचं चालू हाये."

"वर बेडरूम आहेत हो. सगळा पसारा आहे, जेवण खाली मांडलंय..."

"साडेतीनला येतो मी, मॅडम. इन्शाल्ला."

त्याने मनाशी चित्र रंगवलं. जनरल मॅनेजरच्या कपाळावरून घाम टपटप ताटात पडतोय. साहेबाचा तो सेंट घामात आंबलाय. सगळं कंपाउंड थंड ठेवायची जबाबदारी ज्याची, त्याच्याच हॉलमध्ये तंदूर पेटलाय. कोण देणार याला प्रमोशन? किसन आडवा होऊन हसत होता आणि हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते कशाचं हे त्यालाही सांगता आलं नसतं. दीडच्या सुमाराला दोन गाड्या गेटमधून बाहेर पडल्याचा आवाज आला. गेले! उठून गेले! पाहुण्यांना घेऊन साहेबालाही हॉटेल गाठावं लागलं होतं; किसनला मात्र वाटलं, साहेब मागे घरातच कुढत बसलाय. किसनने उठून चहा टाकला.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या खेपेला चौदा नंबरच्या घरातल्या लँडलाइनवरून. किसनने बघितलं आणि वाजू दिला. दहा मिनिटांनी पुन्हा. बोंबल, म्हणाला तो, बोंबल आता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याने आवाजच बंद केला. चौथ्यांदा नुसता उजेड लागला आणि गेला.

साडेतीनला एक मिनिट कमी नाही की जास्त नाही. किसन शिडी चढला. खिशातला चांगला कॅपॅसिटर काढला, लावला, युनिट पहिल्या झटक्यात उठलं. आता आत जाऊन गार हवा येतेय का बघायचं आणि निघायचं. खरं सांगायचं तर त्याला तो हॉल डोळ्यांनी बघायचा होता. जिरलेली जागा बघितल्याशिवाय समाधान कसलं?

दार नुसतं लोटलेलं होतं. आत भट्टी. टेबलावर अर्धवट ताटं, श्रीखंडाचं पाणी झालेलं, पुऱ्या चामड झालेल्या. किसन ते सगळं डोळे भरून बघत उभा राहिला. आणि मग त्याला मागच्या खोलीतून आवाज आला. फट, फट, फट. कुणीतरी वारा घालत होतं.

त्याने दार ढकललं. रत्नप्रभाबाई जमिनीवर बसल्या होत्या. लुगडं घामाने भिजून अंगाला चिकटलेलं, तोंड लालबुंद, केस कपाळावर. त्यांच्यासमोर परातीत मातीचा माठ होता. नळाचं पाणी प्यायला नको वाटतं म्हणून लेकाने बाजारातून आणून दिलेला. माठाला ओलं पातळ गुंडाळलं होतं आणि मिठाईच्या खोक्याच्या झाकणाने त्या त्याला वारा घालत होत्या. स्वतःला नाही, माठाला.

"मावशी!" किसन ओरडला. "तुमी हितं काय करताय? वर का न्हाई गेला?"

"आलास का रे बाबा," बाईंचा आवाज कोरडा पडला होता. "मला जिना चढवतो कुठे? आणि हे घेऊन कशी चढू? हिंदकळलं असतं. गाडीत चल म्हणाले, म्हटलं मी नाही येत, तुम्ही जा. मला राहू दे, तू आधी हे बघ."

किसनने त्यांना आधी हाताला धरून गार हवेच्या झोताखाली पलंगावर बसवलं. ग्लासभर पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि माठाकडेच बोट दाखवलं.

"दोन राहिल्या होत्या रे. बादलीच्या तळाशी, तुझ्या त्या दगडाखाली. मयूरला नाही दिसल्या. मला सापडल्या बादली धुताना. मी कुणाला सांगितलं नाही, माठात घातल्या. इथे गार असायचं ना खोलीत, छान राहिल्या अकरा-बारा दिवस. तुला द्यायच्या म्हणून त्या मुदस्सिरला दोनदा सांगितलं, किसनला पाठव. तू कामात असशील."

किसनने दाराची चौकट धरली.

"आज एसी गेला तसा माझा जीवच गेला," बाई सांगत होत्या. "बर्फ घालू का नको, कळेना. एकदम गारठून मरतील म्हणून नाही घातला. भिंतीवरच्या त्या चिठ्ठीवर तुमचा नंबर होता, चार वेळा फोन केला."

"मावशी..."

"मग आठवलं, मयूर म्हणाला होता, उन्हात वर चढायची बंदी आहे तुम्हाला. तो चिडला होता तुझ्यावर. मी म्हटलं, नाही आला ते बरोबरच केलं त्याने. माणसाचा जीव आहे. माशांपायी उन्हात मरायचं का त्याने?" बाईंनी पदराने तोंड पुसलं. "म्हटलं, साडेतीनपर्यंत आपण वारा घालू. तीन तास तर काढायचे. आता बघ ना रे. माठात अंधार आहे, मला मेलीला दिसत नाही. मघाशी एक हलल्यासारखी वाटली."

किसन माठाशी बसला. ओलं पातळ बाजूला केलं. बोट घातलं. पाणी कोमट होतं, अंघोळीला काढून ठेवतात तेवढं. त्याने मोबाइलची बॅटरी लावली आणि आत धरली.

त्या दोघी पाण्यावर होत्या. पोटं वर, शेजारी शेजारी. एक त्याने आणलेल्या चारांतली होती. शेपटीचा एक कोपरा तुटलेला, तो त्याला दुरूनही ओळखू आला असता. दुसरी इथे जन्मलेली, तिने ओहोळ कधी बघितलाच नव्हता.

"आहेत ना रे?" मागून बाईंनी विचारलं.

तेवीस वर्षांत किसनने लोकांना खरंच सांगितलं होतं. कॉम्प्रेसर गेला तर गेला म्हणून सांगायचं, खोटी आशा लावायची नाही, हा त्याचा शिरस्ता होता. आत्ताही खरं सांगायला तोंड उघडलं त्याने. सगळंच सांगणार होता, गच्चीवरचंही. त्याने वळून बघितलं. म्हातारी पलंगाच्या कडेवर पुढे झुकून बसली होती, हातात अजून ते झाकण होतं.

"हायेत, मावशी."

"दोन्ही?"

"दोन्ही. तळाला बसल्यात गप."

बाई हसल्या. मग हसता हसता त्यांचा बांध फुटला आणि त्यांनी झाकणच तोंडावर धरलं. "मला वाटलंच नव्हतं रे. तुझ्या नऊ गेल्या माझ्या लेकाच्या हातून. म्हटलं, दोन तरी माझ्या हातून परत जाऊ देत. जा बाबा, ने लवकर. मी काही आता तुला थांबवत नाही. आणि चालताना हिंदकळू देऊ नको."

किसनने माठाला पातळ पुन्हा नीट गुंडाळलं, दोन्ही हातांत उचलून पोटाशी धरला आणि बाहेर आला. ऊन अजून खाली उतरलं नव्हतं. रस्ता तळपत होता.

गेटमधून मयूर साहेबाची गाडी आत आली आणि त्याच्याशेजारी थांबली. काच खाली झाली. साहेब एकटाच होता, शर्टाची बटणं उघडी, चेहरा पार उतरलेला. अकरा दिवस किसनला हा चेहरा बघायचा होता.

"झाला का चालू?" साहेबाने विचारलं. आवाजात नुसता थकवा होता. "हॉटेलातूनही लगेच उठून गेले रे ते. धड जेवलेसुद्धा नाहीत." मग त्याची नजर माठावर गेली. "हे काय नेतोयस?"

"पाणी हाये, साहेब," किसन म्हणाला.

तो थांबला नाही. पंपरूमपर्यंत दीडशे पावलं होती. चौदा नंबरच्या खिडकीचा पडदा सरला होता आणि म्हातारी काचेला लागून उभी होती, हे त्याला न वळताही कळत होतं. तो माठात बघत, हळूहळू, एकेक पाऊल मोजून टाकत चालला आणि त्याने एक थेंबही सांडू दिला नाही.